एंडोस्कोपीसाठी गुंगी: मिडॅझोलाम की प्रोपोफोल? बाबांसाठी विचारतोय

कुळागर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. वाळपईहून लिहितोय. बाबा ७१ वर्षांचे, वजन ५४ किलो. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, गोळ्या चालू आहेत. अंगणातून माडापर्यंत गेले तरी धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.६. मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं की दोन आठवडे शौचाला काळं होतंय. सांगितलंच नव्हतं. आता वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी एकाच दिवशी घालायच्या आहेत. चवथ झाली की लगेच करू असं घरात ठरलंय.

दोन ठिकाणी चौकशी केली. एके ठिकाणी म्हणाले, मिडॅझोलाम आणि फेंटॅनिल देऊ, गुंगी येईल पण हाक मारली की ओ देतील, भूलतज्ज्ञ लागत नाही. दुसरीकडे म्हणाले, प्रोपोफोल देऊ, भूलतज्ज्ञ येतील, त्यांचे पैसे वेगळे. पुण्याची ताई म्हणते प्रोपोफोलच घ्या, तिला दिलं होतं, काही कळलंसुद्धा नाही. काका म्हणतात त्याच पांढऱ्या औषधाने मायकल जॅक्सन गेला. बाबा म्हणतात मला काहीच नको, घाला नळी.

आणखी एक. बाबा रात्री इतकं घोरतात की ओसरीवर झोपलेल्याला ऐकू येतं. मधेच श्वास अडकल्यासारखा होतो. याचा या औषधांशी संबंध आहे का? कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा, मी सगळं वाचेन.

निवृत्त सिस्टर (सोमवार, रात्री १०.०५)

औषधाचं नंतर बोलू. चवथीची वाट बघू नका. काळं शौच आणि ८.६ हिमोग्लोबिन म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय. उद्याच डॉक्टरांना फोन करून "शौचाला डांबरासारखं काळं होतंय" हे याच शब्दांत सांगा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळं होतं, तेही सांगा. चक्कर आली, घाम फुटला किंवा रक्ताची उलटी झाली तर कशाचीही वाट न बघता बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठा, १०८ बोलवा. गणपती घरातच आहे, तो समजून घेईल.

कुळागर (सोमवार, रात्री १०.१२)

सिस्टर, बरं झालं बोललात. लोहाच्या गोळ्या नाहीत. सकाळीच फोन करतो.

अबोली (सोमवार, रात्री १०.५०)

मी फोंड्याची, शाळेत शिकवते. माझी वरची एंडोस्कोपी गेल्या वर्षी फक्त घशात फवारा मारून झाली. लिग्नोकेनचा फवारा, कडू लागतो, घसा सुजल्यासारखा वाटतो पण सुजत नाही, बधिर होतो. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकचं कडं दिलं. नळी घशातून उतरताना दोन-तीन जोरात उबळी आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. एकदा उतरल्यावर नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, लाळ गिळायची नाही, बाहेर सांडू द्यायची. पाच-सहा मिनिटांत संपलं आणि मी एकटीच बसने घरी आले. बाबा धीराचे असतील तर वरच्या तपासणीसाठी त्यांचं "काही नको" अगदीच वेड्यासारखं नाही.

फक्त फवाऱ्यानंतर घसा जागा होईपर्यंत पाण्याचा घोटही घेऊ नका, ठसका लागतो. मला तासभर थांबायला सांगितलं होतं.

मांडवीकाठ (मंगळवार, पहाटे ५.५५)

मी भूलतज्ज्ञ आहे, पणजीच्या आसपास काम करते. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचा डोस मी इथे सांगणार नाही. पण या औषधांत फरक काय ते सांगते, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना सोपं जाईल.

आधी हे समजून घ्या की गुंगी हा जिना आहे. पहिल्या पायरीवर माणूस नुसता निवांत होतो. दुसरीवर डोळे मिटतात, पण हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की तो नीट प्रतिसाद देतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो. यालाच कॉन्शस सेडेशन म्हणतात, हल्ली मॉडरेट सेडेशन. तिसरीवर वारंवार हलवल्याशिवाय किंवा दुखवल्याशिवाय जाग येत नाही, श्वासाला मदत लागू शकते. चौथी पायरी म्हणजे पूर्ण भूल. अडचण अशी की एकच औषध एका माणसाला दुसऱ्या पायरीवर ठेवतं आणि त्याच डोसने शेजारचा माणूस तिसरीवर जातो. म्हणून जो दुसऱ्या पायरीसाठी औषध देतो, त्याला तिसरीवर गेलेला माणूस सांभाळता आलाच पाहिजे.

मिडॅझोलाम हे डायझेपामच्याच कुळातलं. पूर्वी एंडोस्कोपीला डायझेपाम द्यायचे. ते शिरेत जळजळायचं आणि शरीरात दिवसभर, कधी त्याहून जास्त रेंगाळायचं. मिडॅझोलाम पाण्यात विरघळतं म्हणून शिरेला त्रास नाही. शिरेतून दिल्यावर एक-दोन मिनिटांत चढायला लागतं, पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच मिनिटं लागतात, गुंगी साधारण तास-दीड तासापर्यंत राहते. भीती घालवतं आणि आठवण पुसतं. दुखणं मात्र थांबवत नाही. म्हणून जोडीला फेंटॅनिल. मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र, त्यामुळे ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ते एक-दोन मिनिटांत लागू पडतं आणि अर्धा ते एक तास टिकतं. काही ठिकाणी अजून पेथिडीन देतात. ते उशिरा चढतं, उशिरा उतरतं, मळमळ जास्त.

ही दोन्ही मिळून श्वास मंदावतो. एकेकटी देऊन होतो त्याच्या बेरजेपेक्षाही जास्त, हे विसरता कामा नये. पद्धत अशी की आधी फेंटॅनिल, थोडं थांबायचं, मग मिडॅझोलाम थोडं थोडं. या जोडीची जमेची बाजू म्हणजे दोघांवर उतारा आहे: मिडॅझोलामला फ्लुमॅझेनिल, फेंटॅनिलला नॅलोक्सोन.

प्रोपोफोल वेगळं. ते सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये मिसळलेलं असतं म्हणून दुधासारखं पांढरं. अर्ध्या-एक मिनिटात झोप, आणि औषध थांबवलं की पाच-दहा मिनिटांत जाग. डोकंही स्वच्छ, मळमळ कमी. पण रक्तदाब पाडतं, श्वास एकदम थांबवू शकतं, आणि त्यावर उतारा नाही. जबडा उचलून, मास्कने श्वास देत माणूस जागा होईपर्यंत कोणीतरी हाताने सांभाळावं लागतं. दुखणंही ते थांबवत नाही, फक्त दुखलं हे कळत नाही. कोलोनोस्कोपीपुरतं, म्हणजे खालच्या दुर्बिणीपुरतं बोलायचं तर २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक चाचण्या एकत्र तपासतात) प्रोपोफोलवाले लवकर सावध झाले, लवकर घरी गेले आणि जास्त समाधानी होते. तपासणीला लागणारा वेळ आणि गुंतागुंत यांत मात्र फरक दिसला नव्हता.

काकांच्या शंकेबद्दल. मायकल जॅक्सन २००९ मध्ये प्रोपोफोलनेच गेले हे खरं आहे. पण ते घरी, झोप येण्यासाठी दिलं होतं, अंगात मिडॅझोलामच्या कुळातली औषधंही होती, आणि श्वासावर नीट लक्ष ठेवण्याची काही सोय नव्हती. बाबांच्या बाबतीत नेमकं हेच विचारायचं: औषध दिल्यावर त्यांच्या श्वासाकडे बघणारं माणूस कोण, आणि त्याच्याकडे त्या वेळी दुसरं काही काम आहे का. दुर्बीण धरलेला डॉक्टर पडद्याकडे बघत असतो. बघायलाच हवं. मग बाबांकडे कोण?

घोरण्याबद्दल संध्याकाळी लिहिते, ड्युटी आहे.

तेरेखोल (मंगळवार, दुपारी १.३०)

मांडवीकाठताई, तुमचं वाचलं आणि तीन वर्षांपूर्वीची गोष्ट लिहावीशी वाटली. आईची, वय ७८. एका खासगी ठिकाणी कोलोनोस्कोपी होती, नाव लिहीत नाही. मिडॅझोलाम दिलं, आई हलत होती म्हणून लगेच पुन्हा दिलं. मी दाराच्या काचेतून बघत होतो. थोड्या वेळात आत धावपळ झाली. ऑक्सिजन खाली आला होता. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, आई पाच मिनिटांत टक्क जागी झाली, माझ्याशी बोलली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तासाभरात आम्हाला घरी सोडलं.

पेडण्याच्या वाटेवर गाडीत आई परत झोपली. साधी झोप वाटली नाही. मान छातीवर, हाक मारली तर ओ नाही. गाडी उलटी फिरवली. परत ऑक्सिजन, परत तेच इंजेक्शन, रात्रभर तिथेच. आई वाचली, आज ठणठणीत आहे. पण एकदा जागी झालेली बाई परत कशी काय झोपली, ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

मांडवीकाठ (मंगळवार, संध्याकाळी ७.२०)

तेरेखोल, वाचून वाईट वाटलं. हे त्याच दिवशी तुम्हाला कोणीतरी बसवून सांगायला हवं होतं. फ्लुमॅझेनिल मिडॅझोलामला शरीराबाहेर काढत नाही, फक्त मेंदूतल्या त्याच्या जागेवरून त्याला बाजूला सारतं. आणि फ्लुमॅझेनिल स्वतः तासाभरात उतरतं. मिडॅझोलाम तेव्हाही रक्तात असतं, म्हाताऱ्या माणसात तर बराच वेळ. ते परत आपल्या जागेवर येऊन बसतं. म्हणून उतारा दिलेल्या रुग्णाला नेहमीपेक्षा जास्त वेळ, निदान दोन तास तरी नजरेखाली ठेवायचं असतं.

आणि "लगेच पुन्हा दिलं" यात मूळ आहे. वय वाढलं की हातात टोचलेलं औषध मेंदूवर परिणाम दाखवायला वेळ लावतं. पहिला डोस चढायच्या आत दुसरा गेला की दोन्ही एकदम चढतात. सत्तरीपुढे मिडॅझोलाम एकूण दोन मिलिग्रॅमच्या आत ठेवावं असं इंग्लंडमधले पोटविकारतज्ज्ञ सांगतात. तरण्या माणसाला पाचपर्यंत.

कुळागर, आता घोरणं. श्वास मधेच अडकतो म्हणजे झोपेत घशाचा रस्ता मिटत असावा. जागेपणी स्नायू तो उघडा धरून ठेवतात, गुंगीत ते सैल पडतात. कोणतंही औषध असलं तरी हा धोका आहे, पण गुंगी जितकी खोल तितका जास्त. हे न विसरता सांगा. आणि तिथे कॅप्नोग्राफी आहे का विचारा. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर उशिरा ओरडतो, विशेषतः नाकात ऑक्सिजन चालू असताना. श्वास थांबून मिनिट झालं तरी आकडा ९८ दाखवेल. कॅप्नोग्राफी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजते, श्वास चुकला की पुढच्याच क्षणी पडद्यावरची रेघ सपाट होते.

निवृत्त सिस्टर (मंगळवार, रात्री ९.१५)

एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा एंडोस्कोपीच्या खोलीत. तेरेखोलदादांच्या आईसारखी एक रात्र मीही काढली आहे, म्हणून लिहिते.

मिडॅझोलामच्या कुप्या दोन ताकदीच्या येतात. एकीत एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, दुसरीत एका मिलिलिटरला पाच. दिसायला फारशा वेगळ्या नाहीत. गर्दीच्या दिवशी पाचवाली हातात आली आणि सिरिंज एकवाली समजून ढकलली तर पाचपट औषध जातं. इंग्लंडमध्ये २००८ मध्ये यावर सगळ्या दवाखान्यांना इशारा गेला होता, गुंगीच्या खोल्यांतून तीव्र कुप्या काढा म्हणून. आमच्याकडे आम्ही स्वतःच नियम केला: भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टी, त्यावर औषध आणि मिलिग्रॅम, आणि देताना मोठ्याने उच्चारायचं. नवीन मुली आधी लाजायच्या. मी लाजू दिलं नाही.

प्रोपोफोलची कुपी एका रुग्णाला एकच. त्या तेलकट दुधात जंतू भराभर वाढतात. उरलेलं दुसऱ्याला देताना कोणी दिसलं तर नातेवाईकांनी बिनधास्त विचारावं. आणि हाताच्या मागच्या बारीक शिरेत दिलं तर आग होते, कोपराच्या मोठ्या शिरेत कमी होते. बाबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत.

घरून निघताना: कवळी असेल तर ती काढून ठेवायला डबी. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत, नुसती नावं नकोत. साखरेची कोणती गोळी कधी बंद करायची ते डॉक्टरांनाच विचारा, "ग्लिफ्लोझिन" शेवटी असलेल्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवायला सांगतात. गुडघ्याच्या, कंबरेच्या, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही पिशवीत टाका. काळ्या शौचाचं कारण कित्येकदा तिथेच सापडतं.

कुळागर (मंगळवार, रात्री ९.३२)

सिस्टर, बाबा गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेतात. बाजाराच्या दिवशी स्वतःच आणतात. चार महिने झाले असतील.

निवृत्त सिस्टर (मंगळवार, रात्री ९.३५)

आज रात्रीपासून बंद. आणि डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा.

पोफळी (बुधवार, सकाळी ८.१०)

मधे घुसतो, माफ करा. माझ्या थोरल्या भावाला यकृत खराब झाल्यामुळे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधायच्या आहेत. रोजची फेणी, हंगामात हुर्राक, वीस वर्षं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली "कधीतरी घेतात". हे या औषधांच्या दृष्टीने सांगायला हवं का? घरात सगळ्यांना लाज वाटते.

मांडवीकाठ (बुधवार, दुपारी २.४५)

सांगायलाच हवं, आणि खरा आकडा सांगायला हवा. तुम्ही वेगळं एकट्याने डॉक्टरांना भेटून सांगितलंत तरी चालेल, कोणी नावं ठेवणार नाही. दोन कारणं आहेत. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला मिडॅझोलामच्या जातीच्या औषधांची सवय झालेली असते. नेहमीच्या डोसने गुंगी येत नाही, कधी उलटं होऊन माणूस टेबलावरच आरडाओरडा करतो, नळी ओढतो. मग आणखी डोस दिला जातो. आणि दुसरीकडे त्याचं यकृत ते औषध वेळेत पचवू शकत नाही, म्हणून चढलेलं उतरत नाही. यकृताच्या रुग्णाला अशा गुंगीनंतर दोन-दोन दिवस भ्रम झालेला मी पाहिला आहे. अशा वेळी प्रोपोफोलकडे कल असतो, कारण यकृत थकलेलं असलं तरी ते लवकर उतरतं. रक्ताची उलटी चालू असेल तर मात्र आधी श्वासनलिकेत नळी घालून रस्ता सुरक्षित करावा लागतो. तिथे पूर्ण भूलच.

तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत.

बांद्याहून (बुधवार, रात्री ८.००)

आम्ही सिंधुदुर्गातले, सगळं मोठं दुखणं घेऊन बांबोळीलाच येतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. प्रोपोफोल, भूलतज्ज्ञ, कॅप्नोग्राफी हे सगळं ज्याच्या खिशात पैसे त्याच्यासाठी. सरकारी रांगेत चाळीस माणसं असतात, तिथे फवारा मारतात आणि नळी घालतात. मग गरिबाने नुसतं सोसायचं का?

मांडवीकाठ (बुधवार, रात्री १०.३०)

प्रश्न रास्त आहे आणि कोलोनोस्कोपी काहीही न देता करणं मलाही पटत नाही. ज्याला गुंगी हवी त्याला ती मिळायला हवी, त्यासाठी सरकारी ठिकाणी भूलतज्ज्ञांची पदं भरली पाहिजेत, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते. पण वरच्या तपासणीला फवारा हा गरिबाचा उपाय नाही. इंग्लंडमध्येसुद्धा खूप लोक तसंच करून घेतात आणि लगेच कामावर जातात. म्हाताऱ्या, धाप लागणाऱ्या, घोरणाऱ्या माणसाला कधी कधी कमीत कमी औषध हाच सगळ्यात चांगला उपचार असतो. अबोलीताईंनी लिहिलं तसं, नीट समजावून सांगितलं आणि सिस्टरने हात धरला तर पाच मिनिटं निघतात.

नव्या औषधांबद्दल कोणी निरोपात विचारलंय. रेमिमॅझोलाम हे मिडॅझोलामचंच भावंड, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. शरीरातली एन्झाइमं ते झटपट मोडतात, म्हणून लवकर उतरतं, आणि त्यावर फ्लुमॅझेनिलही चालतं. माझ्या हाताखालून गेलेलं नाही, म्हणून जास्त बोलत नाही. डेक्समेडेटोमिडीन मी वापरते. श्वास फारसा दाबत नाही हे मोलाचं, पण नाडी आणि रक्तदाब पाडतं, चढायलाही दहा मिनिटं घेतं.

अबोली (गुरुवार, सकाळी ७.१५)

एक विचारते. वजन आणि साखरेसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं ते सेमाग्लुटाइड माझ्या जावेने सुरू केलंय. तिचीही एंडोस्कोपी आहे.

मांडवीकाठ (गुरुवार, सकाळी ७.४०)

डॉक्टरांना आधी कळवा. त्याने पोट सावकाश रिकामं होतं. एरवी साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास, तेलकट-तुपकट आठ तास हा हिशेब. तिच्या बाबतीत आठ तासांनीही पोटात अन्न असू शकतं, आणि गुंगीत ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. नव्याने सुरू केलं असेल किंवा मळमळ होत असेल तर जास्तच. बऱ्याचदा आदल्या दिवशी फक्त पातळ आहार सांगतात. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं होतं, २६.४ टक्के. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे आता रोजचा होणार.

कुळागर (पुढचा मंगळवार, रात्री ९.००)

मंडळी, झालं. चवथीच्या आधीच, शनिवारी. काळं शौच आणि डायक्लोफेनॅक ही दोन वाक्यं फोनवर सांगताच त्यांनी तारीख अलीकडे आणली. तुमच्या सगळ्यांचं लिहिलेलं वहीत उतरवून घेऊन गेलो होतो. घोरण्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकलं. भूलतज्ज्ञ बोलावले, कॅप्नोग्राफी लावली. पण प्रोपोफोल फक्त तयार ठेवायचं असं त्यांनी ठरवलं. वरची तपासणी नुसत्या फवाऱ्यावर, बाबांच्या मनासारखी. खालच्यासाठी २५ मायक्रोग्रॅम फेंटॅनिल, चार मिनिटं थांबून एक मिलिग्रॅम मिडॅझोलाम, मधे एकदा अर्धा. एवढ्यावर झालं. जठरात व्रण होता, गोळ्यांचाच. आतड्यात छोटासा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब होता, तो तिथेच काढून तपासायला पाठवला.

मधे मला आत बोलावलं होतं. बाबा डोळे उघडून पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "हें म्हजेंच?" डॉक्टर हो म्हणाले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, कसं गुलाबी आहे, तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखं.

नंतर डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, बाबांनी मान हलवली, दोन प्रश्नही विचारले. घरी येऊन पेज घेतली आणि मला म्हणाले, मग करणार कधी? पडद्याचं, गुलाबी दिसल्याचं, काहीच त्यांना आठवत नाही. मी सांगितलं तर ऐकत बसले. रविवारी परत सांगायला लावलं.

निवृत्त सिस्टर (मंगळवार, रात्री ९.२०)

मिडॅझोलाम आहे ते, आठवण राहू देत नाही. म्हणून तर निकाल नेहमी घरच्या माणसासमोर सांगायचा असतो. चोवीस तास स्कूटर आणि सह्या बंद होत्या ना? पॉलिपचा रिपोर्ट कधी येणार?

कुळागर (मंगळवार, रात्री ९.३१)

होत्या. सोमवारी म्हापशाला नोटरीकडे जमिनीच्या कागदावर सही होती, ती पुढच्या आठवड्यावर ढकलली, गरज नव्हती तरी. रिपोर्ट शुक्रवारी. गुडघ्याला आता नारळाचं तेल कोमट करून लावतोय, आणि पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

निवृत्त सिस्टर (मंगळवार, रात्री ९.३४)

शुक्रवारी रिपोर्ट इथे सांगा. आणि व्रणाच्या जंतूसाठी क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स दिला असेल, तर तो चालू असताना परत कधी गुंगी द्यायची वेळ आली तर आधी सांगा. त्याने मिडॅझोलाम अंगात जास्त राहतं.

तेरेखोल (मंगळवार, रात्री ९.५०)

आईला हा धागा वाचून दाखवला. ती विचारते, बाबांना पेजेबरोबर काय दिलं.

कुळागर (मंगळवार, रात्री ९.५८)

नुसतं मीठ. तोर (कैऱ्या) ठेवले आहेत, पण व्रण बरा होईपर्यंत नाही.